‘सोबत’ : एका सहवासवाचक शब्दाचा अर्थ आणि प्रयोग

एकाने दुसऱ्याच्या जवळ असणे, चालणे, राहणे या साध्या गोष्टीसाठी मराठीने बरेच शब्द बाळगले आहेत. संग, संगत, सांगात, साथ, सोबत, सहवास, साहचर्य, सख्य, मैत्र ही नामे. सांगाती, साथी, सोबती, सवंगडी, सखा, सहचर, जोडीदार ही व्यक्तिवाचके. आणि संगे, सवे, सह, बरोबर, समवेत ही शब्दयोगी अव्यये. कोशकार यांतील एका शब्दाचा अर्थ देताना दुसरा ठेवतो, दुसऱ्याचा देताना तिसरा. त्यामुळे हे सारे शब्द समानार्थी आहेत अशी समजूत होते. संतवाङ्मयाच्या विवेचनात ‘सांगाती’चे स्पष्टीकरण ‘सोबती’ असे करून पुढे जाण्याची प्रथा या समजुतीतूनच आली आहे. बोलणारा मात्र हे शब्द अदलाबदलीने वापरीत नाही. ‘मुलाला वाईट संगत लागली’ असे तो म्हणतो. ‘वाईट सोबत लागली’ असे म्हणत नाही. ‘अंधार पडला आहे, तिला घरापर्यंत सोबत कर’ येथे ‘संगत कर’ म्हणता येत नाही. तबल्याची साथ असते, सोबत नसते. संतांचा सहवास लाभतो, साथ लाभत नाही. या निवडीमागे अर्थाचे जे भेद आहेत ते नीट पाहिल्यास ‘सोबत’ या शब्दाची स्वतंत्र प्रकृती लक्षात येते. प्रस्तुत लेखात तिचाच विचार केला आहे.

शब्दाचे मूळ

‘सोबत’ हा शब्द अरबी ‘सुह्बत’पासून फारसीमार्गे मराठीत आला. मोल्सवर्थच्या कोशापासून (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) माधवराव पटवर्धनांच्या ‘फार्शी-मराठी कोशा’पर्यंत (१९२५) याविषयी मतभेदाला जागा राहिलेली नाही. ध्वनिपरिवर्तनही मराठीच्या नेहमीच्या वळणाचे आहे. हकारापूर्वीचा उकार ओकारात जातो : ‘मुहर’चे मोहर, ‘मुहिम’चे मोहीम, तसे ‘सुह्बत’चे सोहबत. पुढे व्यंजनापूर्वीचा दुर्बल हकार गळतो, जसा ‘पहलवान’चा पैलवान होताना गळला. हिंदी-उर्दूत ‘सोहबत’ हकारासह टिकला. मराठीत आणि गुजरातीत तो गळून ‘सोबत’ राहिले.

लिंगाच्या बाबतीतही हा शब्द आपल्या बिरादरीला धरून आहे. दौलत, किंमत, हिंमत, मेहनत, इज्जत ही अरबी-फारसी वळणाची तकारान्त नामे मराठीत स्त्रीलिंगी झाली आणि विभक्तीपूर्वी त्यांचे सामान्यरूप ईकारान्त झाले : दौलतीला, किमतीला, हिमतीने. तसेच सोबतीला, सोबतीने. योगायोगाने देशी परंपरेतून आलेला ‘संगत’ हा शब्दही (मूळ ‘संगति’) याच रूपाने चालतो : संगतीला, संगतीने. बाहेरून आलेल्या शब्दाला घरात एक जुळे भावंड आधीच होते असे म्हणता येईल. ‘संगतसोबत’ हा जोडशब्द दोघांना एकत्र बांधतो. त्यात एक घटक संस्कृतोद्भव आणि एक अरबी आहे याची जाणीव बोलणाऱ्याला नसते. ‘सोबती’वरून ‘सोबतीण’ हे रूप झाले तेही शेजारी-शेजारीण, माळी-माळीण या अस्सल मराठी नियमाने. शब्द पूर्णपणे घरचा झाल्याची याहून चांगली खूण मिळणे कठीण.

मराठीतील फारसी शब्दांचा विचार बहुधा राज्यकारभाराच्या अंगाने होतो. शिवकालात सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’, राजवाड्यांनी जुन्या पत्रांतील फारसी शब्दांचे केलेले प्रमाण-विवेचन, पुढे सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ, या साऱ्यांत चर्चेचा भर दरबार, दफ्तर, लष्कर आणि न्याय यांच्या परिभाषेवर राहिला, आणि ते स्वाभाविकही होते. पण ज्या शब्दांनी मराठी माणसाच्या एकटेपणाला आणि भीतीला उत्तर दिले त्यांच्यापैकी एक शब्द त्याच वाटेने आला, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. कारभाराचे शब्द कारभार बदलला की बदलतात. घरात शिरलेले शब्द कुणी काढू म्हटल्याने निघत नाहीत.

‘सुह्बत’ ज्या अरबी धातूपासून होतो त्याच धातूपासून ‘साहिब’ हा शब्दही होतो. त्याचा मूळ अर्थ सोबती असाच आहे. पैगंबरांच्या सहवासातील अनुयायांना ‘सहाबा’ म्हणतात तेही याच धातूवरून. ‘साहिब’ला पुढे ‘एखाद्या वस्तूचा धनी’ असा अर्थ आला. मराठीत शब्द पोचला तो धन्याच्या अर्थाने : साहेब. राजाच्या बैठकीतील ‘मुसाहिब’ही याच घरातला. म्हणजे ‘सोबती’ आणि ‘साहेब’ हे मराठीत दोन टोकांना उभे असलेले शब्द मुळात सख्खे भाऊ आहेत. या नात्याचा उपयोग पुढे होणार आहे.

आधुनिक फारसीत आणि तुर्कीत हा शब्द मुख्यतः ‘संभाषण’ या अर्थाने चालतो. सूफी परंपरेत त्याला पारिभाषिक वजन आहे : गुरूच्या सान्निध्यात राहून शिष्याचे घडणे म्हणजे सोहबत. चौदाव्या शतकात खुलदाबाद येथे बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्याभोवती जो चिश्ती समुदाय जमला, त्याने गुरूच्या बैठकीतील बोलणी लिहून ठेवली. देवगिरीच्या परिसरात, म्हणजे मराठीच्या एका जुन्या केंद्रालगत, हे घडत होते. यावरून ‘सोबत’ मराठीत सूफी वाटेने आली असावी असे अनुमान करण्याचा मोह होतो. पण शब्दाचा अर्थ या अनुमानाला अनुकूल नाही. मराठी ‘सोबती’त गुरुत्वाची छटा नाही, घडविण्याचा भाव नाही, संभाषणाची अटही नाही. कोणी न बोलता बसून राहिला तरी सोबत होते. विचार आणि उपदेश यांना वगळून केवळ जवळ असणे एवढाच गाभा मराठीने उचलला. तो रोजच्या बोलण्यातून, प्रवास, बाजार आणि छावणी यांच्या व्यवहारातून उचलला असणे अधिक संभवते.

‘सोबत’ आणि तिचे शेजारी

शब्द कोणत्या क्रियापदांशी नांदतो हे पाहिले की त्याचा स्वभाव कळतो. सोबत ‘करतात’, ‘देतात’, ‘मागतात’, ‘शोधतात’. ती ‘लागते’, ‘मिळते’, ‘होते’. ‘लागणे’ हे क्रियापद संगतीलाही येते, पण अर्थ पार निराळा. ‘वाईट संगत लागली’ यातील लागणे व्यसनाचे किंवा डागाचे आहे. ‘तिला रात्री सोबत लागते’ यातील लागणे गरजेचे. संगतीचा परिणाम होतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला म्हणजे वाण नाही पण गुण लागतो, असे म्हणणारी म्हण संगतीविषयी आहे. संगतीला म्हणून ‘सु’ आणि ‘कु’ ही उपपदे लागतात, आणि मोरोपंतांनी ‘केकावली’त ईश्वराकडे जी मागणी केली ती सुसंगतीची. ‘सुसोबत’ असा शब्द कोणी घडविला नाही. सोबतीला नैतिक प्रत नसते. ती असते किंवा नसते.

यामुळेच सोबत निर्जीवाचीही होऊ शकते. रिकाम्या घरात रेडिओची सोबत होते, घड्याळाच्या टिकटिकीची होते, समईच्या ज्योतीची होते. कुत्र्याची तर होतेच. येथे ‘संगत’ चालत नाही, ‘साथ’ केवळ कवितेत चालेल. सोबतीच्या पलीकडील बाजूला प्रेम आहे की नाही, ओळख आहे की नाही, हे प्रश्न गौण आहेत. आगगाडीच्या डब्यातील अनोळखी कुटुंबाची एकट्या प्रवाशाला सोबत होते. उतरल्यावर ती संपते आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. ‘सहवास’ या शब्दाला काळाची लांबी लागते, ‘मैत्री’ला निवड लागते. ‘सोबती’ला एवढेच लागते की वाट, रात्र किंवा दुखणे यांपैकी काहीतरी एकट्याने काढण्याजोगे नसावे. तिची गरज प्रथम भयातून उत्पन्न होते. हे भय काळोखाचे असेल, चोराचे असेल, लोकापवादाचे असेल.

‘साथ’ हा शब्द याच वाटेवरचा, पण निराळ्या मापाचा. संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे व्यापाऱ्यांचा काफिला, त्याचा नायक सार्थवाह. प्राकृतात ‘सत्थ’, आणि त्यातून साथ. मुळातच तो समूहाचा आणि दूरच्या पल्ल्याचा शब्द आहे. ‘साथ देणे’ यात वचन असते, ‘साथ सोडणे’ यात वचनभंग. सोबत संपते, साथ सुटते किंवा सोडली जाते. संगीतात गायकाच्या मागोमाग जाणारा तबलजी किंवा पेटीवादक साथीदार ठरतो तो याच अर्थाने : मुक्काम येईपर्यंत त्याला बाजूला होता येत नाही. समाजवादी चळवळीने परस्परांना संबोधण्यासाठी ‘साथी’ हा शब्द घेतला, ‘सोबती’ घेतला नाही. शेजारी उभ्या असलेल्या ‘कॉम्रेड’चे मूळ स्पॅनिश भाषेत एका खोलीत राहणारा असे आहे, ‘साथी’चे मूळ एका वाटेने जाणारा असे. मराठीत रोगाच्या प्रादुर्भावालाही ‘साथ’च म्हणतात. पटकीची साथ, प्लेगची साथ हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत आणि १८९७ च्या कायद्याला मराठीत साथरोगांचा कायदा हे नाव मिळाले. गावोगाव एकत्र हिंडणे ही कल्पना दोन्ही अर्थांना जोडते. २०२० साली साथ आली तेव्हा सोबत निषिद्ध ठरली, हा भाषेचा एक कटु योग म्हणावा लागेल.

भक्तिपरंपरेतील ‘सांगाती’

प्राचीन मराठीत या अर्थक्षेत्राचा मोठा भाग ‘सांगात’ (जुन्या पोथ्यांत ‘सांघात’ही) या शब्दाने व्यापला होता. त्याचा संबंध संस्कृत ‘संघात’शी जोडला जातो, एकत्र येणे, मिळून एक होणे हा तेथील अर्थ. प्रमाण मराठीत तो आज जवळजवळ केवळ काव्यात उरला आहे, पण गोव्याच्या कोंकणीत ‘सांगात’ आणि ‘सांगाता’ ही रूपे नित्याच्या बोलण्यात आहेत. शेजारीच कोंकणीत आणि मालवणीत ‘वांगडा’ हा निराळा शब्द ‘बरोबर’ या अर्थाने नांदतो. ज्या प्रदेशांत ‘सोबती’चा शिरकाव कमी झाला तेथे जुना शब्द टिकला, ही बाब बोलींच्या अभ्यासकांनी अधिक तपासून पाहण्याजोगी आहे.

तुकोबांच्या सुप्रसिद्ध अभंगात विठ्ठल सांगाती म्हणून येतो. तो हाताला धरून चालवितो, भार वाहतो. अभंगाचे स्पष्टीकरण करताना ‘सांगाती म्हणजे सोबती’ असे लिहिले की अर्थ थोडा उणा होतो. सोबती शेजारून चालतो. हा सांगाती शेजारी आहे तसाच आधारही आहे, आणि चालणाऱ्याच्या चालण्यात मिसळलेला आहे. ‘संघात’ या मुळातील मिळून एक होण्याचा भाव येथे जिवंत आहे. जनाबाईंच्या अभंगांत देव दळू लागतो, शेण वेचू लागतो. तेथे काम वाटून घेणे हीच सोबत आहे, आणि ज्या स्त्रीच्या वाट्याला मानवी सोबत आली नाही तिने ती देवाकडून वसूल केली आहे.

नामदेवांच्या नावावरील ‘तीर्थावळी’चे अभंग या दृष्टीने फार मोलाचे आहेत. ज्ञानदेव तीर्थयात्रेला निघतात आणि नामदेवांनी बरोबर यावे अशी इच्छा धरतात. नामदेवांचा पाय पंढरीतून निघत नाही. शेवटी विठ्ठल नामदेवांना ज्ञानदेवांच्या हवाली करतो, आणि मागे राहिलेल्या देवालाच त्यांचा विरह सोसवेनासा होतो. सोबत ही भक्ताची गरज आहे, देव ती पुरवितो, हा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला आहे. सख्यभक्ती ही नवविधा भक्तीतील आठवी. रामदासांनी ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात तिच्यासाठी एक समास दिला आहे. तेथील विवेचनात भक्ताने देवाशी जमवून घेण्यावर, त्याला आवडेल तेच करण्यावर भर आहे. ‘तीर्थावळी’त देवालाही कोणीतरी हवे आहे. दोन्ही ठिकाणी शब्द सख्याचे असले तरी नात्याची दिशा निराळी आहे. ‘भक्तिकाव्यातील सख्यभाव’ असे एकच शीर्षक देऊन दोन्हींचा निकाल लावणे बरे नव्हे.

‘सन्निधान’ हा महानुभावांचा शब्द याहून वेगळ्या जातीचा. ईश्वर अवतार धारण करून देहाने समोर असतो तेव्हा सन्निधान. तो गेल्यावर असन्निधान. चक्रधरांनी आचारधर्मात स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि आप्तसंबंधाचा त्याग सांगितला. माणसांच्या सोबतीचे बहुतेक सारे दोर त्यांनी कापले आणि एकच ठेवला. ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ असन्निधानाच्या काळात सन्निधान आठवून सिद्ध केलेला आहे, हे लक्षात घेतले तर त्यातील बारीकसारीक तपशील, कोणत्या गावी कोठे बसले, काय जेवले, कोण जवळ होते, हे सारे केवळ वृत्तान्ताचे राहत नाहीत. सूफी ‘सोहबती’शी याचे काही साम्य दिसते. त्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. पण ‘सोबत’ हा शब्द मराठीत धार्मिक भार न घेता का रुजला याचे उत्तर त्यात सापडते. त्या भारासाठी मराठीजवळ सन्निधान, संग, सांगात हे शब्द आधीच होते. नव्या शब्दाला मोकळी राहिलेली जागा संसाराची होती.

बरोबरी आणि सोबत

‘बरोबर’ हाही फारसी शब्द. ‘बर’ म्हणजे छाती. छातीला छाती लावून उभे राहणे ही त्यातील मूळ कल्पना. मराठीत त्याचे तीन अर्थ झाले : समान, योग्य आणि सह. ‘बरोबरी’, ‘बरोबरीचा’ या रूपांत समानता उघड आहे. ‘सोबत’ समानतेची अट घालत नाही. किंबहुना नाम म्हणून तिचा जो प्रयोग होतो त्यात एक घेणारा आणि एक देणारा असतो, आणि दोघे सहसा सारखे नसतात. लहान मुलगा आजीच्या सोबतीला जातो, गडी मालकिणीच्या सोबतीला, पाठराखीण नवरीच्या सोबतीला. सोबत करणाऱ्याला स्वतःला सोबत हवी होती काय, असे कोणी विचारीत नाही. सोबती आणि साहेब यांचे मूळ एक असल्याचे वर सांगितले. मराठी व्यवहाराने त्या दोघांना वाटेवर एकत्र ठेवले, पण पायऱ्या निरनिराळ्या दिल्या.

वारीचे उदाहरण येथे घेतलेच पाहिजे. दिंडीत चालणे हा मराठी समाजाने निर्माण केलेला सोबतीचा सर्वांत मोठा प्रकार आहे. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात दिंडीबरोबर चालतानाचा अनुभव लिहिला आहे. एकत्र चालणाऱ्या, एकत्र अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांचे स्वयंपाक आणि पंक्ती मात्र वेगळ्या, ही गोष्ट त्यांना बोचत राहिली. वाटेची सोबत पानावर येऊन थांबत होती. चोखोबांची समाधी महाद्वाराशी आहे आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, हे पाहता ‘संतांनी सर्वांना सोबत घेतले’ हे सभांतून ऐकू येणारे वाक्य जपूनच वापरावे लागेल. सोबत घेतले हे खरे. बरोबर घेतले काय, हा प्रश्न उरतो. मराठीने दोन शब्द ठेवले असल्यामुळेच तो विचारता येतो.

स्त्रीच्या संदर्भात शब्दाची ही विषम बाजू अधिक ठळक होते. ‘बाईमाणसाला सोबत हवी’ या वाक्यात काळजी आणि पहारा यांच्यातील सीमा पुसट आहे. सोबत असल्याखेरीज तिने बाहेर पडू नये, असा नियमच त्यातून निघतो. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) मधील शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींना या पहाऱ्यातून बाहेर पडल्यावर दुसरी अडचण भेटते. हवी तेव्हा हवी त्याची सोबत निवडण्याची सोय समाजात नाही; आहे ती केवळ विवाह या एकाच दाराने. लगोलग आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या कादंबरीत पतीपासून दूर झालेली स्त्री विवाहाबाहेर जे नाते शोधते, त्याचे वर्णन करायला तत्कालीन मराठीजवळ पुरेसा शब्द नव्हता. ‘सहचर’ आणि ‘सहजीवन’ या संस्कृत वळणाच्या शब्दांनी ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न पुढील काळात झाला. त्यांत बरोबरीची इच्छा आहे, पण घरगुतीपणा नाही. म्हणून ते भाषणांत आणि निमंत्रणपत्रिकांत राहिले. ‘माझा सहचर आला का?’ असे घरात कोणी विचारीत नाही.

विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये (१९७२) सोबतीचा व्यवहार त्याच्या सर्वांत उघड्या रूपात येतो. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका सखाराम घरी आणतो. अन्न, वस्त्र, छप्पर त्याचे आणि बाकी सर्व कष्ट तिचे, अशी अट आरंभीच सांगतो. या कराराला तो लग्नाहून प्रामाणिक मानतो. समीक्षेने त्यातील हिंसा आणि लैंगिकता यांची पुष्कळ चर्चा केली. लक्ष्मी घरात मुंगळ्याशी बोलते, हसते, त्या प्रसंगाकडे बहुधा तिच्या भाबडेपणाचा नमुना म्हणून पाहिले जाते. त्याचा अर्थ अधिक गंभीर आहे. करारात तिला सारे मिळाले आहे, सोबत मिळालेली नाही, आणि ती तिने घरातल्या सर्वांत क्षुद्र जिवाकडून मिळविली आहे. सखारामला ती बोलताना ऐकू येते तेव्हा त्याच्या मनात जो संशय येतो तो दुसऱ्या पुरुषाचा. या घरात सोबत ही गोष्ट इतर कोणत्या रूपात असू शकेल, हे त्याच्या कल्पनेत येत नाही. जनाबाईंचा दळू लागणारा विठ्ठल आणि लक्ष्मीचा मुंगळा यांच्यामध्ये काही शतकांचे अंतर आहे. गरज मात्र त्याच जातीची आहे.

शब्दयोगी ‘-सोबत’

नामाचे शब्दयोगी अव्यय होणे हा मराठीतील जुना व्यापार आहे. ‘त्याच्या सोबतीने’, ‘त्याच्या सोबतीला’ या सविभक्तिक प्रयोगांतून प्रत्यय गळून ‘त्याच्या सोबत’ आणि पुढे जोडून ‘त्याच्यासोबत’ असे रूप झाले. शालेय व्याकरणांतील सहार्थी अव्ययांच्या यादीत बरोबर, सह, संगे, सवे, सकट, सहित, निशी, समवेत ही नेहमीची नावे. आज लिहिल्या जाणाऱ्या मराठीत ‘-सोबत’ने या यादीतील बहुतेकांना मागे सारले आहे. रूप बदलताना अर्थही विरळ झाला. नामाला निदान सोबतीची जाणीव असलेला एक सजीव तरी लागत होता. अव्ययाला तोही लागत नाही. ‘चहासोबत बिस्किटे’, ‘पुस्तकासोबत नकाशा’ हे प्रयोग आता कोणाच्या कानाला खटकत नाहीत. सरकारी पत्राच्या तळाशी ‘सोबत :’ असे लिहून पुढे जोडलेल्या कागदांची नोंद करतात. तेथे माणसांचा शब्द कागदांना लागला आहे. तो इतका नेमका लागला आहे की ‘सहपत्रे’ हा घडविलेला शब्द त्याच्यापुढे नेहमीच औपचारिक वाटत आला.

‘बरोबर’ने मात्र काही जागा राखून ठेवल्या आहेत. ‘साप दिसताबरोबर तो मागे सरला’ येथे ‘-सोबत’ बसत नाही. काळाच्या लगटीसाठी मराठीने हा शब्द अजून स्वीकारलेला नाही. ‘त्याचबरोबर’च्या जोडीला ‘त्यासोबतच’ आले आहे खरे, पण ते भर घालण्याच्या अर्थाने.

अडचण आहे ती ‘-शी’च्या बाबतीत. ज्या क्रियेत दुसरा पक्ष समोरासमोर असतो तिच्यासाठी मराठीने ‘-शी’ राखून ठेवला : त्याच्याशी बोलणे, भांडणे, वागणे, लग्न करणे, वैर धरणे. ‘-बरोबर’ आणि ‘-सोबत’ यांचे काम तिसऱ्या गोष्टीकडे दोघांनी मिळून जाणे हे. हिंदीत ‘के साथ’ ही दोन्ही कामे करतो. वृत्तपत्रे, जाहिराती आणि दूरचित्रवाणी यांतील घाईच्या भाषांतरांनी ‘के साथ’च्या जागी सर्वत्र ‘-सोबत’ ठेवण्याची सवय लावली. ‘तिने त्याच्यासोबत लग्न केले’, ‘माझ्यासोबत फसवणूक झाली’, ‘माझ्यासोबत असे का घडले?’ ही वाक्ये पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत सर्रास आढळतात. ‘माझी फसवणूक झाली’, ‘माझ्या बाबतीत असे का घडले?’ ही मराठीची सरळ रूपे. फसवणुकीला माझी सोबत कशी होईल, असे विचारून वर्गात हशा पिकविता येतो; परंतु प्रश्न केवळ शैलीचा नाही. ‘मावळे मोगलांशी लढले’ आणि ‘मावळे मोगलांसोबत लढले’ या दोन वाक्यांत इतिहास उलटा होतो. दुसऱ्या वाक्यात मावळे मोगलांच्या बाजूने उभे आहेत. लिहिणाऱ्याला पहिला अर्थ अभिप्रेत असतो आणि वाचणारा संदर्भावरून तो सावरून घेतो. संदर्भ अनोळखी असेल, युद्ध दूरच्या देशातील असेल, तर सावरणे शक्य होत नाही.

यावर ‘-सोबत’ हा प्रयोगच अशुद्ध किंवा हिंदीचा म्हणून टाकून द्यावा असे सुचविले जाते. ते मान्य होण्याजोगे नाही. विदर्भातील बोलण्यात ‘-सोबत’ सहजपणे चालत आलेला आहे, आणि पुणेरी कानाला ‘-बरोबर’ गोड लागते म्हणून नागपूरकडील मराठीला परकी ठरविण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही. पुण्यातच ग. वा. बेहेरे यांनी आपल्या साप्ताहिकाचे नाव ‘सोबत’ ठेवले होते आणि ते कोणाला अमराठी वाटले नाही, हेही जाता जाता नमूद करावे. आक्षेप शब्दाला नाही, त्याने ‘-शी’ची जागा घेण्याला आहे. वर्गात दुरुस्ती करताना ‘सोबत’ खोडून ‘बरोबर’ लिहिणारे शिक्षक म्हणून निम्मेच काम करतात. ‘त्याच्याबरोबर लग्न केले’ हे वाक्य ‘त्याच्यासोबत लग्न केले’ याहून फारसे सुधारलेले नसते. विद्यार्थ्याला त्या जागी क्रियेचे दोन पक्ष समोरासमोर आहेत की एका बाजूला, एवढे विचारावे. उत्तर समोरासमोर असे आले तर ‘-शी’ आपोआप पुढे येतो, आणि एका बाजूला असे आले तर ‘-सोबत’ला हात लावण्याचे कारण उरत नाही.